आरसी हेलिकॉप्टर पडलं? पुन्हा उडवण्याआधी काय काय तपासायचं



"काही नाही झालं रे, नुसतं गवताला लागलंय." आरसी हेलिकॉप्टर उडवणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य एकदा तरी म्हटलेलं असतं. मीही म्हटलं होतं, आणि ते चांगलंच महागात पडलं असतं.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आम्ही चौघा मित्रांनी वर्गणी काढून ४५० साईजचं सेकंड हँड हेलिकॉप्टर घेतलं होतं. रविवारी सकाळी गावाबाहेरच्या माळावर ते उडवायला जायचो. एकदा उतरवताना वारा आला, एका बाजूची स्किड आधी टेकली, हेलिकॉप्टर कलंडलं आणि ब्लेड्स गवतात फटाफट आपटली. उचलून पाहिलं तर ब्लेडच्या टोकांना हिरवा डाग, बाकी सगळं जागच्या जागी. एक चार्ज केलेली बॅटरी शिल्लक होती. ती लावली आणि पुन्हा उडवलं.

साधारण दहा फुटांवर असताना "कट्" असा आवाज आला आणि हेलिकॉप्टर आडवं होऊन आमच्याच दिशेने आलं. मी मोटर बंद करेपर्यंत ते जमिनीत घुसलं होतं. माझा मावसभाऊ, तेव्हा नववीत होता, चार पावलांवर उभा राहून मोबाईलवर शूटिंग करत होता. तुटलेल्या ब्लेडचा तुकडा त्याच्या पायाजवळून गेला. त्याला काही झालं नाही, पण त्यात आमची हुशारी काहीच नव्हती.

घरी येऊन मी एकेक पार्ट वेगळा केला. ब्लेडचा कोन बदलणारी एक छोटी प्लास्टिकची लिंक तुटली होती. तुटलेल्या तोंडाकडे टॉर्च मारून पाहिलं तर अर्ध्या भागात माती होती आणि उरलेला अर्धा भाग एकदम स्वच्छ. म्हणजे लिंकला पहिल्याच पडण्यात तडा गेला होता, त्यात माती शिरली होती आणि दुसऱ्या वेळी हवेत ती पूर्ण तुटली. दोनशे रुपयांच्या आतला पार्ट! उडवण्याआधी पाच मिनिटं टॉर्च मारून बघितलं असतं तर तो तडा दिसला असता.

आज मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. सर्व्हर बंद पडला की लॉग न बघता सरळ रिस्टार्ट करायचा नाही, हे नवीन माणसाला पहिल्या आठवड्यात शिकवलं जातं. हेलिकॉप्टरच्या बाबतीतही तोच नियम आहे. या लेखात आपण छोट्या क्रॅशनंतर हेलिकॉप्टर कसं तपासायचं, ते क्रमाने पाहणार आहोत.

हे कोणत्या हेलिकॉप्टरसाठी आहे?

हा लेख मुख्यतः हॉबी ग्रेड हेलिकॉप्टरसाठी आहे, म्हणजे ज्यात ब्लेडचा कोन बदलता येतो, तीन सर्व्हो स्वॅशप्लेट हलवतात आणि शेपटीला वेगळा रोटर असतो. उदाहरणं मी ४५० साईजची देणार आहे, कारण तेच मी सगळ्यात जास्त उघडलं आहे. लहान-मोठ्या साईजमध्ये आकडे बदलतील, पण तपासायची पद्धत तीच राहील. एकावर एक दोन रोटर असलेलं खेळण्यातलं हेलिकॉप्टर असेल, तर त्यासाठी शेवटी वेगळा भाग दिला आहे.

वरून ठीक दिसतं, मग भीती कसली?

आधी थोडं गणित करू. ४५० साईजच्या मेन रोटरचा व्यास साधारण ७१ सेंटीमीटर असतो आणि तो मिनिटाला सहज २५०० फेरे मारतो. म्हणजे ब्लेडचं टोक सेकंदाला सुमारे ९३ मीटर, ताशी ३३० किलोमीटरच्या वर वेगाने फिरत असतं. ब्लेडचं स्वतःचं वजन जेमतेम ३० ते ३५ ग्रॅम. पण या वेगाला ते बाहेरच्या बाजूला जवळपास ४० किलोच्या जोराने ओढलं जातं. सिमेंटच्या पोत्याचं वजन ५० किलो असतं. म्हणजे प्रत्येक ब्लेडच्या बोल्टला जवळजवळ एक पोतं टांगल्यासारखं आहे!

शिवाय ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट. त्यामुळे हाताने हळू फिरवताना जो तडा अजिबात जाणवत नाही, तो पूर्ण वेगात उघडा पडतो.

ही मशीन खेळणी नाहीत, हे एकदा डोक्यात पक्कं बसलं पाहिजे. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका पार्कमध्ये १९ वर्षांच्या तरुणाचा स्वतःचंच आरसी हेलिकॉप्टर लागून मृत्यू झाला होता. हे घाबरवायला सांगत नाही. ब्लेडमध्ये किती ताकद असते याचा अंदाज यावा, एवढ्यासाठीच.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. ब्लेड जमिनीला लागतं तेव्हा धक्का ब्लेडमध्येच थांबत नाही. तो ब्लेडमधून ग्रिपमध्ये, तिथून फेदरिंग शाफ्टमध्ये, मग मेन शाफ्टमध्ये, मेन गिअरमध्ये आणि पुढे शेपटीपर्यंत जातो. या साखळीत जी कडी सगळ्यात कमकुवत, ती वाकते किंवा तुटते. म्हणूनच ब्लेड बचावलं आणि आतला शाफ्ट वाकला, असं बऱ्याचदा होतं. तपासणीसुद्धा धक्का ज्या वाटेने गेला त्याच वाटेने करायची. मग काही सुटत नाही.

१. मैदानावरच: उचलायच्या आधी

हेलिकॉप्टर पडतंय असं दिसलं की पहिलं काम म्हणजे थ्रॉटल होल्डचा स्विच दाबणं. ब्लेड अडकलेलं असताना मोटरला पॉवर मिळत राहिली तर मेन गिअरचे दाते सोलून निघतात आणि ईएससीसुद्धा जळू शकतो. पडण्याच्या धक्क्यापेक्षा चालू राहिलेल्या मोटरने जास्त नुकसान होतं, असं कितीतरी वेळा घडतं.

नंतर:

रोटर पूर्ण थांबेपर्यंत जवळ जाऊ नका. रिमोट चालूच ठेवा, होल्ड लावलेला असू द्या.
जवळ गेल्यावर आधी रोटर हेड हाताने धरा, मग बॅटरीचा कनेक्टर काढा. बॅटरी सुटली की मगच रिमोट बंद करा.
जागेवरून हलवायच्या आधी मोबाईलवर चार-पाच फोटो काढा. कोणती बाजू आधी लागली, कोणती लिंक निसटली, ब्लेड कुठे अडकलं हे त्यात दिसतं. घरी गेल्यावर यातलं काहीच नीट आठवत नाही.
आजूबाजूला पडलेले स्क्रू, बॉल लिंक, प्लास्टिकचे तुकडे गोळा करा.

आणि दुसरी बॅटरी लावायचा मोह आवरा. मैदानावर सगळे मित्र उभे असतात, बॅटरी चार्ज असते, "एकदा बघ ना उडवून" असं कोणीतरी म्हणतंच. चूक नेमकी इथेच होते. ब्लेड जमिनीला लागलं असेल तर त्या दिवशीचं उड्डाण संपलं, असं धरून चाला.

२. बॅटरी: हिला पहिला नंबर

यांत्रिक भाग उद्या तपासले तरी चालतील, पण लायपो बॅटरीला थांबवता येत नाही. आतल्या पातळ थरांना मार लागला असेल तर ती लगेच गप्प राहून काही वेळाने पेट घेऊ शकते. म्हणून पडल्यानंतर बॅटरी लगेच बॅगेत किंवा गाडीच्या डिकीत टाकू नका. मोकळ्या जागी, दगडावर किंवा सिमेंटवर, सुक्या गवतापासून लांब ठेवा आणि अर्धा तास तरी तिच्यावर लक्ष ठेवा.

मग हे बघा: पॅक फुगलाय का? कोपरा चेपलाय का? बाहेरचं आवरण फाटलंय का? गोडसर, नेलपॉलिशसारखा वास येतोय का? हाताला गरम लागतेय का? यातलं एकही उत्तर "हो" असेल तर ती बॅटरी बाद. टाचणी टोचून हवा काढायचा प्रयोग तर चुकूनही करू नका.

वरून ठीक असेल तर बॅटरी चेकरने प्रत्येक सेलचा व्होल्टेज बघा. पूर्ण चार्ज सेल ४.२ व्होल्टचा असतो आणि तो ३ व्होल्टच्या खाली जाऊ द्यायचा नसतो. तीन सेलपैकी एखादा नेहमीपेक्षा जास्त मागे पडलेला दिसला, किंवा नुसतं ठेवून दुसऱ्या दिवशी अजून खाली आला, तर आत काहीतरी बिघडलंय. पुढचं चार्जिंगही डोळ्यासमोरच करा. रात्री लावून झोपू नका. बाद झालेली बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

३. मेन ब्लेड्स

दोन्ही ब्लेड्स काढून टेबलावर घ्या. ओल्या कपड्याने माती आणि हिरवा डाग पुसून टाका, कारण डागाखालीच चीर लपलेली असते.

कापसाचा बोळा घेऊन ब्लेडच्या दोन्ही कडांवरून हळू फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे चीर किंवा टवका आहे. डोळ्याला न दिसणारी चीर कापसाला बरोबर सापडते.
बोल्टच्या छिद्राभोवती टॉर्च मारून बघा. मघाशी सांगितलेली ४० किलोची ओढ याच छिद्रावर येते. इथे केसाएवढी जरी चीर दिसली तरी ब्लेड फेकून द्यायचं.
कार्बनचं ब्लेड असेल तर टोकापासून मुळापर्यंत नाण्याने हलकेच टकटक करा. सगळीकडे सारखा टणक आवाज यायला हवा. एखाद्या ठिकाणी बद्द आवाज आला किंवा दाबल्यावर मऊ लागलं, तर आतले थर सुटलेत.
प्लास्टिकच्या ब्लेडवर पांढरट रेष दिसली तर तिथे ते वाकून परत सरळ झालंय. तेही बाद.

एक ब्लेड खराब निघालं तर दोन्ही बदला. एक जुनं, एक नवीन अशी जोडी लावली तर वजन जुळत नाही आणि सगळं हेलिकॉप्टर थरथरतं. फेवीक्विक लावून ब्लेड जोडणारे मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका. बाद ब्लेड मोडूनच कचऱ्यात टाका, म्हणजे पुन्हा कोणी वापरणार नाही.

४. रोटर हेड: इथे घाई नको

दोन ब्लेड ग्रिप्सना आरपार जोडणारा छोटा स्टीलचा दांडा म्हणजे फेदरिंग शाफ्ट. ब्लेड जमिनीला लागलं की सगळ्यात आधी हाच वाकतो. गंमत म्हणजे तो ग्रिपच्या आत असल्यामुळे बाहेरून दिसतच नाही.

तो तपासायची पद्धत सोपी आहे. एका बाजूचा बोल्ट काढा आणि शाफ्ट बाहेर ओढा. काचेच्या टीपॉयवर किंवा आरशावर ठेवून बोटाने हळू लोळवा. (मोबाईलच्या स्क्रीनवर लोळवू नका, स्क्रीन गार्ड गेला तर मला बोलायचं नाही!) मागून टॉर्च धरा. शाफ्ट सरळ असेल तर त्याच्याखालची प्रकाशाची फट लोळताना बदलत नाही. फट कमी-जास्त होत असेल किंवा शाफ्ट टकटक उड्या मारत असेल, तर तो वाकलाय.

वाकलेला शाफ्ट हातोडीने सरळ करू नका. एकदा वाकलेलं स्टील सरळ दिसलं तरी त्याचा भरवसा नसतो. तो स्वस्त पार्ट आहे, नवीन टाका.

हेड उघडलंच आहे तर हेही बघून घ्या:

ग्रिपमधले बेअरिंग बोटाने फिरवा. खरखर किंवा अडखळल्यासारखं वाटलं तर बदला. थ्रस्ट बेअरिंगच्या दोन चकत्या दिसायला सारख्या असल्या तरी त्यांच्या छिद्रांचा आकार वेगळा असतो. काढायच्या आधी क्रमाचा फोटो घ्या आणि परत तशाच बसवा.
प्रत्येक लिंक बॉलवरून काढा, टॉर्चसमोर धरा आणि हलकेच वाकवून बघा. तडा असेल तर वाकवल्यावर उघडतो. माझी लिंक मी अशी वाकवून बघितली असती तर हा लेख लिहायची वेळच आली नसती. लिंक बॉलवर परत बसवताना "टक्" करून घट्ट बसायला हवी. सैल बसत असेल तर बदला.
लिंकमधली धातूची काडी सरळ आहे का बघा. दोन सारख्या लिंक शेजारी ठेवल्या की फरक लगेच कळतो.
स्वॅशप्लेट दोन बोटांत धरून वर-खाली हलवा. आतली आणि बाहेरची रिंग एकमेकींत खडखडत असतील तर बेअरिंग गेलंय.

परत जोडताना धातूत बसणाऱ्या बोल्टचं जुनं थ्रेडलॉक साफ करा आणि निळ्या थ्रेडलॉकचा छोटा थेंब लावा. फेदरिंग शाफ्टच्या बोल्टला तर हे हवंच, कारण ब्लेड हवेत सुटून जाणार की नाही हे त्या बोल्टवरच ठरतं. थ्रेडलॉक प्लास्टिकवर सांडू देऊ नका, काही प्लास्टिकला त्याने तडे जातात.

५. मेन शाफ्ट आणि मेन गिअर

ब्लेड्स काढलेली असतानाच हेड हाताने हळू फिरवा आणि हेडच्या वरच्या टोकाकडे बाजूने बघा. मागे भिंतीवरची एखादी रेष किंवा खिडकीची कड धरा. टोक त्या रेषेच्या मागेपुढे डोलत असेल तर मेन शाफ्ट वाकलाय. शंका असेल तर बाहेर काढून काचेवर लोळवा, पद्धत तीच.

आता मेन गिअर. मार्करने एका दात्यावर खूण करा आणि तिथून सुरू करून पूर्ण एक फेरा हळू फिरवत प्रत्येक दाता बघा. अर्धवट सोललेला एक दाता सहज नजरेतून सुटतो, म्हणून खूण हवीच. मेन गिअर आणि मोटरच्या पिनियनमध्ये किंचित मोकळीक असते. ती पूर्ण फेऱ्यात सारखी राहते का बघा. एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल लागलं तर गिअर तरी वाकडा झालाय किंवा शाफ्ट तरी.

शेवटी वन-वे बेअरिंग. रोटर त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने फिरवला तर मोटर फिरता कामा नये, आणि उलट दिशेने फिरवला तर मोटरही सोबत फिरायला हवी. दोन्हीकडे मोकळाच फिरत असेल तर बेअरिंग घसरतंय.

६. शेपटी

हेलिकॉप्टर कलंडतं तेव्हा मेन ब्लेड खाली वाकून टेल बूमवर आपटू शकतं. बूमवर खाच किंवा चेपलेली जागा आहे का, ते बोट फिरवून बघा. नळी चेपली असेल तर आतला बेल्ट तिथे घासतो. मागून नजर लावून बूम सरळ रेषेत आहे का, हेही पाहा.

टेल ब्लेड हाताने हळू फिरवा आणि कान जवळ न्या. बेल्टवालं मॉडेल असेल तर बेल्टचा ताण नेहमीइतकाच आहे का आणि एखादा दाता गेलाय का ते पाहा. टॉर्क ट्यूबवालं असेल तर पुढच्या आणि मागच्या छोट्या गिअरचे दाते तपासा. फिरवताना ठरावीक जागी "कट-कट" आलं तर दाता तुटलाय. बेल्ट काढावाच लागला तर त्याचा पीळ कुठल्या दिशेला होता याचा फोटो आधी घ्या. पीळ उलटा बसला तर टेल रोटर उलटा फिरेल आणि हेलिकॉप्टर जागच्या जागी भिंगरीसारखं गरगरेल.

टेल ब्लेड छोटं म्हणून दुर्लक्ष करू नका. ४५० साईजमध्ये टेल रोटर मेन रोटरच्या चौपटीहून जास्त वेगाने, म्हणजे मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फिरतो. तिथला छोटासा टवका इतकी थरथर निर्माण करतो की जायरो गोंधळतो आणि शेपटी हलायला लागते. टेल शाफ्ट सरळ आहे का आणि स्लायडर बोटाने न अडखळता सरकतो का, तेही बघा.

७. सर्व्हो, वायरी आणि जायरो

बॅटरी काढलेली असताना प्रत्येक सर्व्होची लिंक सोडवा आणि त्याचा हात अगदी हळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मध्येच उडी मारल्यासारखं किंवा मोकळं वाटलं तर आतल्या गिअरचा दाता गेलाय. हाच सर्व्हो हवेत मध्येच अडकला तर तुमच्या हातात काहीच उरत नाही.

मग वायरी बघा. फ्रेमच्या धारदार कडेला वायर घासली आहे का? कनेक्टर अर्धवट निघालाय का? रिसिव्हरची अँटेना कापली गेली आहे का? फ्लायबारलेस युनिट किंवा जायरो ज्या दुहेरी टेपवर चिकटवलेला असतो ती टेप एका कोपऱ्याने सुटली आहे का? ही टेप सगळेच विसरतात. ती सुटली की जायरोला चुकीची हालचाल कळते आणि आपण तासन्‌तास सेटिंगमध्ये दोष शोधत बसतो.

८. मोटर काढून पॉवर द्या

आता पहिल्यांदा बॅटरी लावायची. पण त्याआधी मोटरच्या तीनही वायरी ईएससीपासून वेगळ्या करा आणि रंगांचा फोटो घेऊन ठेवा. टेबलावर मोटर चुकून फिरली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

रिमोट आधी चालू, मग बॅटरी. सर्व्हो एकटाच गुणगुणत किंवा थरथरत असेल तर तो संशयित.
स्टिक वर-खाली करा. स्वॅशप्लेट समांतर वर-खाली जायला हवी, तिरकी नाही. तिरकी जात असेल तर एखाद्या सर्व्होचा हात दाता सोडून सरकलाय.
डावी-उजवीकडे, पुढे-मागे स्टिक हलवा. स्वॅशप्लेट त्याच दिशेला कलली पाहिजे.
फ्लायबारलेस असेल तर हेलिकॉप्टर हाताने पुढे झुकवा. स्वॅशप्लेटने मागे कलून विरोध करायला हवा.
रिमोटमध्ये रेंज चेक असेल तर तोही करून घ्या.

९. पुन्हा उड्डाण, टप्प्याटप्प्याने

सगळं जोडल्यावर थेट आकाशात नाही.

पहिला टप्पा: मेन आणि टेल दोन्ही ब्लेड्स काढून, मोकळ्या जागेत, कमी वेगात काही सेकंद मोटर चालवा. स्किड आणि टेल फिन थरथरतायत का, ते लांबून बघा. ब्लेड्स नसतानाही थरथर असेल तर दोष शाफ्टमध्ये किंवा गिअरमध्ये आहे. परत पाचव्या मुद्द्यावर जा.

दुसरा टप्पा: ब्लेड्स लावा. ब्लेडचा बोल्ट इतपतच घट्ट करा की हेलिकॉप्टर आडवं धरल्यावर ब्लेड आपोआप खाली पडणार नाही, पण हलकासा झटका दिल्यावर हलेल. मैदानावर किमान दहा मीटर लांब उभे राहा, कोणीही रोटरच्या रेषेत नको. वेग वाढवत नेताना बाजूने बघा. दोन्ही ब्लेड्स एकाच पातळीत फिरत असतील तर एकच चकती दिसते. दोन चकत्या दिसल्या तर थांबा आणि लिंकची लांबी जुळवा.

तिसरा टप्पा: कमरेइतक्या उंचीवर एक मिनिट हॉवर. खाली उतरवा, बॅटरी काढा, मोटर आणि ईएससी नेहमीपेक्षा जास्त गरम झालेत का बघा, बोल्ट परत एकदा चाचपून घ्या. सगळं ठीक असेल तर मग उडवा.

लक्षण आणि बहुतेक वेळा निघणारं कारण

पूर्ण हेलिकॉप्टर थरथरतं: फेदरिंग शाफ्ट वाकलाय, मेन शाफ्ट वाकलाय किंवा ब्लेड्सचं वजन जुळत नाही.
फक्त शेपटी बारीक थरथरते: टेल ब्लेडला टवका, टेल शाफ्ट वाकलाय.
नाक हळूहळू एका बाजूला वळत राहतं: टेलची लिंक किंवा स्लायडर अडकतोय, बेल्ट सैल झालाय.
दर फेऱ्याला घरघर: मेन गिअरचा दाता.
वेग देताच किरकिर आवाज, पण रोटर मागे पडतो: गिअर सोललाय किंवा वन-वे बेअरिंग घसरतंय.

मोबाईलचा खरा उपयोग

टॉर्च आणि फोटो तर झालेच. तडा बघताना कॅमेऱ्याचा मॅक्रो मोड भिंगासारखा वापरा. थरथर शोधायला स्लो मोशनही छान आहे, फक्त मोबाईल स्टँडवर लावून स्वतः लांब उभे राहा. माझ्या मावसभावासारखं हातात धरून जवळ जायचं नाही.

एक फसगत मात्र लक्षात ठेवा. फिरणाऱ्या रोटरच्या व्हिडिओत ब्लेड्स केळीसारखी वाकडी दिसतात. ती खरी वाकलेली नसतात. मोबाईलचा सेन्सर चित्र एकदम न टिपता ओळीओळीने टिपतो, आणि तेवढ्या वेळात ब्लेड पुढे सरकलेलं असतं, म्हणून तसं दिसतं. ब्लेडचा निकाल टेबलावर लावायचा, व्हिडिओवर नाही.

खेळण्यातलं हेलिकॉप्टर असेल तर

दोन रोटर उलट दिशांना फिरणाऱ्या छोट्या हेलिकॉप्टरमध्ये ताकद कमी असते, पण डोळ्यांना इजा नक्कीच होऊ शकते. त्यात चार गोष्टी बघा: आतला बारीक शाफ्ट वाकलाय का, वरच्या बॅलन्स बारची लिंक निसटली आहे का, गिअरमध्ये केस किंवा दोरा अडकलाय का, आणि आतली छोटी बॅटरी फुगून बॉडीला आतून ढकलतेय का. शेवटचा प्रकार दिसला तर चार्जिंग लगेच थांबवा.

शेवटी एवढंच

ही पूर्ण तपासणी पहिल्यांदा करताना दोन-तीन तास जातात. चार-पाच वेळा केल्यावर तासाभरात होते. वैताग येतो, हे खरं आहे. पण यातूनच तुम्हाला तुमचं हेलिकॉप्टर आतून कळायला लागतं, आणि पुढच्या वेळी नुसत्या आवाजावरून "काहीतरी चुकतंय" हे ओळखता येतं.

ती अर्धी माती लागलेली लिंक मी अजून टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवली आहे. मैदानावर कोणी "एकदा बघ ना उडवून" म्हणालं की मी झाकण उघडतो, तिच्याकडे बघतो आणि हेलिकॉप्टर गाडीत ठेवतो. मावसभाऊ आता स्वतः उडवतो. तो मात्र झाकण उघडायच्याही आधी बॅटरी काढतो.